धंदा आपला, हप्त्याचा दुसरा वाटा कोणाचा?

मागच्या अंकात पीएफच्या पासबुकाबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती ज्यांना पीएफच नाही त्यांची. गॅरेजवाले, रिक्षावाले, शिवणकाम करणाऱ्या, बिबड्या-पापडवाल्या, कापूस पिकवणारे. ‘ताई, तुम्ही नोकरीवाल्यांचंच लिहिता’ हा सगळ्यांचा सूर. चोपड्याच्या एका पत्रात तर सरळ अहिराणीत खडसावलंय, ‘नोकरीवालासले सरकार शे, आमना वाली कोन शे?’

प्रश्न रास्त आहे. बँकेत खिडकीवर असताना पेन्शनचं खातं उघडायला कोणी आलं की मी आधी एकच विचारायचे : यात तुमच्याबरोबर दुसरं कोण पैसे टाकतंय? पगारदाराला हे विचारावं लागत नाही. त्याच्या हातात पगार पडायच्या आत त्याचा वाटा कापला जातो आणि तेवढाच मालकाकडून येतो. स्वतःच्या धंद्यात कापणारा कोणी नसतो आणि दुसरा वाटा घालणाराही बहुतेक वेळा नसतो. कुठे सरकार घालतं, कुठे सरकार नुसती हमी देतं, कुठे सगळं आपलंच. या वेळची उत्तरं वाचताना एवढं ध्यानात ठेवा. पत्रं कापून छोटी केली आहेत. नावं कोणाचीच छापत नाही, गावात लगेच ओळखतात.

प्रश्न : वय ३४. जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात ६ वर्षं होतो, पीएफ कापायचे. आता पारोळ्यात दुचाकीचं गॅरेज टाकलं आहे. पीएफ माझा मी भरत राहू शकतो का? मित्र म्हणतो, ते पैसे काढ आणि कॉम्प्रेसर घे.
– गॅरेजवाला, पारोळा

उत्तर : भाऊ, माझा मी भरतो म्हणून पीएफ चालत नाही. तो १९५२ चा कायदा मुळात २० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांसाठी आहे. त्यात कामगार लागतो आणि मालक लागतो. तुम्ही आता दोन्ही आहात, म्हणजे त्या कायद्याच्या हिशेबी कोणीच नाही.

तुम्ही पासबुकाची नक्कल जोडलीत ते बरं केलंत. त्यातली एक ओळ सगळ्यांसाठी उलगडून सांगते. पीएफ धरायचा पगार १२,०००. पहिल्या रकान्यात तुमचे १२ टक्के, म्हणजे १,४४०. दुसऱ्या रकान्यात मालकाचे फक्त ४४० दिसतात, आणि तुम्ही बाजूला पेनाने लिहिलंय, ‘बाकीचे खाल्ले का?’ नाही, खाल्ले नाहीत. तिसरा रकाना बघा. मालकाच्या १,४४० पैकी ८.३३ टक्क्यांच्या हिशेबाने १,००० तिथे, पेन्शन फंडात गेले आहेत. पगार १५,००० च्या वर असला तरी हा आकडा १,२५० च्या पुढे जात नाही. तर दर महिन्याला तुमच्या नावावर २,८८० पडत होते आणि तुम्हाला वाटत होतं आपले १,४४० जातात. नोकरी सोडली त्या दिवशी तुम्ही पगाराबरोबर हे दुसरे १,४४० पण सोडले. गॅरेजची कमाई पगाराशी ताडून बघता ना, तेव्हा पगाराच्या बाजूला तेही मांडत जा. पुष्कळ जणांचा ‘नोकरीपेक्षा जास्त सुटतात’ हा हिशेब तिथेच उताणा पडतो.

आता जुन्या पैशांचं. पीएफची शिल्लक आहे तशी राहू द्या. नवीन भरणा नसला तरी ५८ व्या वर्षापर्यंत तिच्यावर व्याज चालू राहतं, आणि २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होतं. नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागू होतो, पण तुमच्या उत्पन्नात त्याची झळ फारशी नाही. कॉम्प्रेसर कर्जाने घ्या, जुना घ्या, हप्त्याने घ्या. पंक्चर आणि हवेच्या पैशांतून तो स्वतःला फेडतो. पीएफमधून काढलेले पैसे मात्र परत तिथे ठेवता येत नाहीत, दारच बंद झालंय.

तिसऱ्या रकान्याचं वेगळं. पेन्शनला एकूण १० वर्षांची नोकरी लागते, तुमची ६ आहे. फॉर्म १०सी भरून एकतर ती रक्कम काढून घेता येते, नाहीतर ‘स्कीम सर्टिफिकेट’ मागता येतं. सर्टिफिकेट घेतलं तर ही ६ वर्षं शिल्लक राहतात. पुढे कुठेही पीएफवाल्या ठिकाणी ४ वर्षं काम झालं की १० पूर्ण, आणि ५८ पासून पेन्शन. किती? पेन्शनपात्र पगार गुणिले वर्षं भागिले ७०. १२,००० गुणिले १० भागिले ७०, म्हणजे १,७१४ रुपये. डोळे दिपावेत असं त्यात काही नाही, पण मरेपर्यंत येतं. वय ३४ आहे, गॅरेजचं काय होतं कोणी सांगावं. मी सर्टिफिकेट घेतलं असतं.

पुढच्यासाठी अटल पेन्शन घ्या. ६० नंतर ५,००० हवे असतील तर ३४ व्या वर्षी महिना ८२४ चा हप्ता बसतो. यात सरकार आज हप्त्यात वाटा घालत नाही. २०१५ मध्ये योजना निघाली तेव्हाच्या पहिल्या खातेदारांना ५ वर्षं थोडा दिला, तो संपला. आता सरकार देतं ती हमी : फंडाची कमाई कमी पडली तरी ५,००० मिळणार. शिवाय एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना. ते मला धंदेवाल्यांसाठी आवडतं ते त्याच्या सैलपणामुळे. वर्षाला किमान १,००० टाकले की खातं जिवंत. दिवाळीत चार पैसे सुटले तर २०,००० टाका, श्रावणात काम मंदावलं तर काहीच टाकू नका. साठीला काही भाग एकरकमी मिळतो, उरलेल्याची महिन्याची पेन्शन घ्यावी लागते. मात्र बाजारावर अवलंबून आहे, हमी कोणाची नाही. करात सूट मिळते म्हणून कोणी गळ्यात मारायला आलं तर विचारा, ‘जुन्या पद्धतीत की नव्या?’ स्वतःच्या धंद्यातल्या माणसाला एकूण उत्पन्नाच्या २० टक्क्यांपर्यंत, दीड लाखाच्या मर्यादेत, आणि वर आणखी ५०,००० ही सूट जुन्या करपद्धतीत आहे. नव्या पद्धतीत ती मिळत नाही.

प्रश्न : मी बिबड्या, पापड, कुरडया करून विकते. फेब्रुवारी ते मे काम, बाकी वर्षभर तुरळक. वर्षाचा हिशेब केला तर महिना ८-९ हजार पडतात. वय ३८. सेतू केंद्रवाला श्रमयोगी म्हणतो, भाचा लघु व्यापारी म्हणतो, बँकेत अटल म्हणतात. मुद्रा कर्जासाठी मुलाने माझं रिटर्न भरलं आहे, त्याने काही अडतं का?
– फैजपूर

उत्तर : ताई, बाहेर ओसरीवर बिबड्यांच्या खाटा वाळत घातल्या असतील, नि तिघं तीन बाजूंनी ओढताहेत असं चित्र डोळ्यांपुढे आलं. आधी वय बघा. तिन्ही योजनांना ४० ची वेस आहे. तुमच्याकडे दोन वर्षं आहेत, ती विचार करण्यात घालवू नका.

श्रमयोगी मानधन आणि लघु व्यापारी मानधन या दोन सख्ख्या बहिणी. दोन्ही २०१९ च्या, दोन्हींत ६० नंतर महिना ३,०००, हप्ताही तोच. पहिलीला महिन्याचं उत्पन्न १५,००० च्या आत लागतं, दुसरीला वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत. तुम्ही दोन्हींत बसता, पण घेता येते एकच. कोणतीही घ्या, डोकं शिणवू नका. पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) किंवा एनपीएस असलेल्याला आणि आयकर भरणाऱ्याला या योजना नाहीत.

तुमच्या वयाला हप्ता १८०. यात दुसरा वाटा सरकार घालतं, तेवढाच, १८०. साठीपर्यंतच्या २२ वर्षांत तुमच्या पदरचे ४७,५२० जातील. पेन्शन वर्षाला ३६,०००. म्हणजे साठी ओलांडल्यावर १६ महिन्यांत तुमचं तुम्हाला परत. मी बँकेत असताना इतका सरळ सौदा क्वचित बघितला. तरी लोक घेत नाहीत, कारण त्यात एजंटाला काही सुटत नाही.

अटलमध्ये ५,००० साठी ३८ व्या वर्षी १,१९६ भरावे लागतात. २२ वर्षांचे ३,१५,७४४. ऐकायला महाग वाटतं, पण मागे काय राहतं ते बघा. श्रमयोगीत तुमच्या पश्चात नवऱ्याला अर्धी पेन्शन, १,५००, आणि त्याच्यानंतर मुलांना काही नाही. अटलमध्ये नवऱ्याला पूर्ण ५,०००, आणि दोघांच्या पश्चात नॉमिनीला साडेआठ लाख. पहिली नुसती पेन्शन आहे, दुसरीत पेन्शन आणि मागे पुंजी. १,१९६ दर महिन्याला झेपत नसतील, आणि तुमच्या आकड्यांवरून मला ते जड दिसतात, तर १८० चा सोडू नका.

आता कोणी सांगत नाही ते सांगते. हे ३,००० ठरलेले आहेत, महागाईबरोबर वाढत नाहीत. वर्षाला ६ टक्के महागाई धरली तर २२ वर्षांनंतर त्या ३,००० ची किंमत आजच्या साधारण ८३० रुपयांएवढी. गॅसच्या टाकीलाही पुरायचे नाहीत. घ्याच, पण म्हातारपण त्यावर निघेल असं समजून बसू नका.

हप्ता दर महिन्याला आपोआप कापला जातो आणि तुमचा पैसा येतो उन्हाळ्यात. म्हणून मे महिन्यात बिबड्यांचे पैसे आले की १२ हप्त्यांचे २,१६० त्या खात्यात टाकून मोकळं व्हा, आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड मुलाच्या हाती देऊ नका. मुलगा चांगला असेल, मी कार्डाबद्दल बोलते आहे.

रिटर्नचं : अट आयकर भरणाऱ्याला आहे. कर शून्य असलेलं रिटर्न कर्जासाठी भरलं म्हणून तुम्ही करदात्या होत नाही. अटललाही १ ऑक्टोबर २०२२ पासून हीच अट आहे.

प्रश्न : नंदुरबारच्या मिरची बाजारात हमाली करतो. व्यापारी म्हणतो, तुम्ही काही आमचे नोकर नाही, तुमचा स्वतंत्र धंदा आहे, पेन्शन-बिन्शन तुमचं तुम्ही बघा.
– हमाल, नंदुरबार

उत्तर : नाना, या पत्राला खरं तर या अंकात जागाच नाही, कारण तुम्ही स्वतंत्र धंदेवाले नाही. पाठीवर पोतं दुसऱ्याचं, काटा दुसऱ्याचा, दर दुसऱ्याने ठरवलेला, आणि धंदा म्हणे तुमचा. महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा आहे. चढवणं, उतरवणं, थप्पी लावणं, तोलणं ही बाजारातली कामं त्याच्या यादीत आहेत. या कायद्याची मेख अशी की मालक एक नसला तरी चालतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर काम केलं तरी मजुरी माथाडी मंडळात जमा होते, तिच्यावर व्यापाऱ्याने लेव्ही, म्हणजे वरची ठरावीक वर्गणी, भरायची, आणि त्या लेव्हीतून हमालाचा पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, दवाखाना निघतो. अनेक मालकांकडे राबणाऱ्या माणसासाठी ‘दुसरा वाटा’ वसूल करायची ही युक्ती देशात फार थोड्या ठिकाणी आहे आणि ती आपल्या राज्याने काढली. एकट्याने जाऊ नका, टोळीने जा. सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, तुमचा बाजार मंडळाच्या योजनेत आहे का आणि तुमच्या व्यापाऱ्याची नोंद आहे का, या दोन प्रश्नांची लेखी उत्तरं मागा.

प्रश्न : बँक मला न विचारता दर वर्षी मे महिन्यात ४३६ आणि २० रुपये कापते. ही लूट कोणाकडे सांगायची?
– चहाची टपरी, चाळीसगाव

उत्तर : आधी लुटीची पावती तपासू. ४३६ म्हणजे जीवनज्योती, आयुर्विमा : कोणत्याही कारणाने मृत्यू आला तर २ लाख. २० म्हणजे सुरक्षा विमा : अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख, काही प्रमाणात आलं तर १ लाख. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. संमतीशिवाय कापता येत नाहीत, तेव्हा सहीचा फॉर्म दाखवा म्हणा. दाखवता आला नाही तर पैसे परत मागायचा तुम्हाला हक्क आहे. खातं उघडताना पाच-सहा कागदांवर सह्या घेतात, त्यात हाही असतो, असा माझा अनुभव.

पण बंद करण्याआधी हे ऐका. हप्ता ३३० होता तेव्हाची गोष्ट. अमळनेरकडची एक बांगडीवाली नवऱ्याचं खातं बंद करायला माझ्यासमोर बसली होती. खात्यात शे-दीडशे रुपये. पासबुकाचं शेवटचं पान छापून घेतलं तर मेअखेरच्या ओळीत, छपाई सरकून दोन ओळींच्या मध्ये अडकलेले ३३० दिसले. ती म्हणाली, ‘ते बँकेचे चार्जेस आहेत, आम्ही कधी विचारलं नाही.’ मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीचे कागद भरून घेतले, २ लाख तिच्या खात्यात आले. खातं बंद करून ती गेली असती तर आमच्या शाखेतून कोणी तिच्या घरी सांगायला गेलं नसतं. म्हणून घरातल्या बाईला किंवा पोराला ती ओळ आजच बोट ठेवून दाखवा. आणि दोन बँकांतून दोनदा कापत असतील तर एक नक्की बंद करा. एका माणसाला विमा एकच मिळतो.

प्रश्न : मॅडम, भुसावळ स्टेशनला रिक्षा चालवतो. वय ५२. जिथे जातो तिथे ४० च्या आत हवं म्हणतात. आमच्यासाठी काहीच नाही का?
– रिक्षाचालक, भुसावळ

उत्तर : ४० ची अट हप्ता लहान ठेवण्यासाठी आहे, हे बरोबर; पण ती घालताना ज्यांचं ४० योजना यायच्या आधीच उलटलं त्यांचा विचार कोणी केला नाही, हेही तितकंच खरं. २०१५ ला तुम्ही चाळिशी ओलांडलेलीच होती. तुमचा राग मला मान्य आहे.

उरलेली दारं सांगते. २० रुपयांचा अपघात विमा ७० वर्षांपर्यंत आहे, रस्त्यावरच्या माणसाने तो सोडू नये. ४३६ वाला ५० च्या आत घ्यावा लागतो, तो गेला. ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी यादी, तिची नोंदणी ५९ पर्यंत होते, फुकट आहे, करून टाका. रिक्षा-टॅक्सी चालकांसाठी राज्याने कल्याणकारी मंडळ केलं आहे, परवाना-बिल्ला घेऊन त्याची चौकशी करा.

दवाखान्याचं आधी बघा, पेन्शनचं नंतर. ईएसआय असलेला कामगार आजारी पडला तर त्याला उपचार मिळतातच, वर पगाराच्या ७० टक्के, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत. तुमची रिक्षा दारात उभी राहिली की त्या दिवशीची कमाई शून्य. उपचारांची सोय आता आहे : महात्मा फुले जनआरोग्य योजना पांढऱ्या कार्डासकट सगळ्या रेशन कार्डांना लागू झाली, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. यादीतल्या दवाखान्यात दाराशीच आरोग्यमित्र बसतो, डॉक्टरआधी त्याला गाठायचं. पण बुडालेल्या कमाईची भरपाई कुठलीच योजना करत नाही. त्यासाठी दोन महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात, एवढाच उपाय माझ्याकडे आहे.

साठवायला पीपीएफ, म्हणजे कोणालाही उघडता येणारं सरकारी बचतीचं खातं. यात वयाची वरची अट नाही, वर्षाला किमान ५००, आणि कर्जवसुलीत कोर्ट त्यावर जप्ती आणू शकत नाही. रिक्षा कर्जावर असलेल्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी. दर वर्षी एप्रिलच्या ५ तारखेच्या आत १२,००० टाकले, तर आजच्या ७.१ टक्क्यांनी १५ वर्षांत १ लाख ८० हजारांचे सव्वातीन लाखांच्या आसपास होतात. एप्रिल २०२० पासून हा दर हललेला नाही, पण सरकार तो दर तिमाहीला ठरवतं. ५ तारखेचं कारण असं की व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यांत कमी शिलकीवर धरतात. ६ ला टाकले तर त्या महिन्याचं व्याज गेलं.

प्रश्न : मावशी, धुळ्यात जेवणाची पार्सलं पोचवतो. वय २३. कंपनी म्हणते तुम्ही आमचे पार्टनर. नवीन कायद्याने पीएफ मिळेल का?

उत्तर : पीएफ नाही मिळणार रे. पण तुझ्या बाबतीत काहीतरी हललंय. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला, आणि ‘गिग’ व ‘प्लॅटफॉर्म’ कामगार, म्हणजे तुझ्यासारखे अ‍ॅपवरून काम घेणारे, हे शब्द पहिल्यांदा देशाच्या कायद्यात आले. तुझ्यासारख्यांकडून काम करून घेणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के सामाजिक सुरक्षा निधीत भरायचे आहेत; मात्र तुम्हा लोकांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या वर नाही. म्हणजे पार्टनरलाही दुसरा वाटा आला. फरक एवढा की तो तुझ्या नावच्या खात्यात पडत नाही, सगळ्यांच्या एका निधीत जातो आणि त्यातून योजना निघतात. तुझं नाव त्या यादीत असायला हवं, म्हणून ई-श्रमवर प्लॅटफॉर्म कामगार म्हणून नोंद कर. आणि योजनेची वाट बघत बसू नकोस. आज तुझ्या वयाला श्रमयोगीचा हप्ता ७२ आहे, चाळिशीत तोच २०० होतो. ५,००० ची अटल तुला ३१८ ला पडते, वर फैजपूरच्या ताईंना ती किती पडते ते वाच.

प्रश्न : शहाद्याला ब्लाऊज शिवते, वय २७, पहिलं बाळंतपण. बहीण कंपनीत आहे, तिला २६ आठवडे पगारी रजा मिळाली. मला काय?

उत्तर : पगारी रजा नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला ५,०००, आणि दुसरं अपत्य मुलगी झाली तर ६,०००. अंगणवाडी ताई किंवा आशा ताईंकडे अर्ज असतो. ई-श्रम कार्ड त्यात पात्रतेचा पुरावा म्हणून चालतं. ५,००० आणि २६ आठवड्यांचा पगार यांतली दरी मला भरून दाखवता येत नाही, तुम्हालाही दिसतेच आहे.

प्रश्न : आमची ३ एकर कोरडवाहू कपाशी. नवऱ्याचं वय ३६, गेल्या वर्षी अटलचं खातं काढलं. खात्यात पैसे नसतात तेव्हा हप्ता परत जातो, दंड लागतो. बंद करू म्हणतात.
– धरणगाव तालुका

उत्तर : बंद करू नका, हप्त्याचा काळ बदला. अटलचा हप्ता महिन्याचा असलाच पाहिजे असं नाही, तिमाही आणि सहामाहीही करता येतो. वर्षातून एकदा ही बदली बँकेत होते, साधा फॉर्म आहे. कपाशी दिवाळीच्या आगेमागे विकली जाते, तेव्हा सहामाही हप्ता निघेल. दुसरा उन्हाळ्यात येईल, त्याचे पैसे त्याच वेळी त्या खात्यात बाजूला टाका. दंड म्हणाल तर थकलेल्या शंभर रुपयांमागे महिन्याला १ रुपया, तो काही जीव घेत नाही. मधेच बंद केलं तर भरलेले पैसे आणि त्यावरची कमाई परत येते, पण पुन्हा उघडायला जाल तेव्हा वाढलेल्या वयाचा हप्ता बसेल, आणि ४० नंतर उघडणारच नाही.

तुम्ही लिहिलेलं नाही पण सांगून ठेवते. २ हेक्टरपर्यंत, म्हणजे साधारण ५ एकरांपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्याला किसान मानधन योजना आहे. ३,००० ची पेन्शन, सरकारचा बरोबरीचा वाटा, ४० ची तीच अट, आणि हप्ता पीएम-किसानच्या पैशातून परस्पर वळता करता येतो. तुमचं स्वतःचं नाव सातबाऱ्यावर असेल तर तुमच्यासाठीही विचारून बघा. नसेल तर का नाही, तेही घरात विचारा.

प्रश्न : आई ६७ ची, जन्मभर भाजी विकली. तिला आता काही मिळेल का?
– एरंडोल

उत्तर : हप्ता न भरता दर महिन्याला मिळणारी गोष्ट म्हणजे श्रावणबाळ योजना. वय ६५ पूर्ण, महिना १,५००. अडचण उत्पन्नाच्या दाखल्याची : कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं, म्हणजे महिना १,७५०. आज एवढ्यावर घर चालतं का ते मर्यादा ठरवणाऱ्यांना विचारायला हवं. आई तुमच्या कुटुंबात राहते की वेगळी, यावर दाखला ठरतो, तेव्हा रेशन कार्ड वेगळं असेल तर ते घेऊन जा. तलाठ्याकडून चौकशी होते, अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत. आधारवरची जन्मतारीखही बघा. भाजी विकणाऱ्या पिढीच्या आधारवर बऱ्याचदा नुसती १ जानेवारी असते आणि सालही अंदाजाचं. ते ६५ च्या खाली निघालं तर आधी दुरुस्ती करून घ्या, मग अर्ज करा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.